ताताच्या नावाचा दगड

३ ऑक्टोबर

खाणीतली नोकरी सुटली, पण रोजचं लिहून ठेवायची खोड सुटली नाही. तिथे शिफ्ट संपली की किती टन निघालं, कुठला पंप बंद पडला, हे वहीत लिहावं लागे. एक वही कोरी उरली होती, ती आता लामांच्या, म्हणजे उंटाच्या जातीच्या आमच्या ओझेवाहू जनावरांच्या, कामाला लावली आहे. निदान या वहीत तरी खरं लिहायचं असं ठरवलंय.

आज सहा पाहुणे, पाच लामा. पुढे अर्थात आल्काल्दे. हे नाव ताताने, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेवलेलं. आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष. गळ्यात घंटा, कानांत लाल लोकरीचे गोंडे, मान ताठ, आणि काम शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्यायचं. पाण्याचे कॅन, जेवणाचे डबे, पाहुण्यांचे कोट, सगळं मिळून प्रत्येकाच्या पाठीवर वीस किलो. त्याहून जास्त झालं की हा पाय दुमडून खाली बसतो, मग देव आला तरी उठत नाही.

घळीतून वर चढून निवडुंगांच्या उतारावरून दुपारच्या आत खिंडीतल्या आपाचेतेवर पोचलो. आणि तिथे मी पुन्हा तेच केलं.

लिहूनच टाकतो. आपाचेता म्हणजे वाटसरूंनी रचलेली दगडांची रास. पायथ्याचा एक दगड स्वतःच्या हाताने वर न्यायचा, जनावरावर लादायचा नाही. वर पोचलं की अंगातला शीण त्या दगडाबरोबर खाली ठेवायचा, धरणीला कोकाची तीन पानं द्यायची आणि पुढे चालू लागायचं. मेलेल्या माणसांचा त्या राशीशी काडीचा संबंध नाही. मी मात्र सहा परदेशी माणसांना सांगितलं, की माझे वडील सातुर्निनो, या वाळवंटातले शेवटचे तांडेवाले, याच खिंडीत वारले आणि हे दगड त्यांच्या नावाने ठेवतात. सहाही जणांनी दगड ठेवले. एक मुलगी तर रडली.

घरी आलो तेव्हा ताता ओट्यावर बसून टाचांच्या भेगांना चरबी चोळत होते.

"चढले का गोरे?"

"चढले."

"धापा टाकल्या?"

"टाकल्या."

ते खूश झाले. मला जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर

हे सुरू कसं झालं ते आज आठवत बसलो होतो.

ऑगस्टमध्ये एका बाईने आपाचेतेवर विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. "ते आता...?" असं म्हणून ती थांबली. ते घरी आहेत, पाय दुखतात म्हणून येत नाहीत, एवढं बोललो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण मी खिंडीपलीकडे बघत गप्प राहिलो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुमचं माणूस गेलं, वाईट झालं, असा हात. आणि लाज वाटते लिहायला, पण मला त्या हाताने बरं वाटलं. तसा हात माझ्या खांद्यावर कुणी ठेवला नव्हता.

त्या बाईने ते सान पेद्रो गावातल्या मिरेयाबाईंना लिहून कळवलं. माझ्याकडे पाहुणे याच बाई पाठवतात. त्यांचा लगेच फोन. "फाउस्तीनो, लामा काय, इथे चौघांकडे आहेत. मेलेला बाप फक्त तुझ्याकडे आहे!"

त्यांना वाटतं तो खरंच मेला आहे. मीही हसलो. तेव्हापासून प्रत्येक गटाला सांगतो आहे, आणि दर वेळी तो जरा जास्तच मरतो. आता तर मी वादळही घातलंय.

१४ ऑक्टोबर

मिरेयाबाईंचा फोन. एक नोव्हेंबरला नऊ जण पाठवायचे आहेत. सगळे कॅनडाचे, निवृत्त शिक्षक. "मृतांचा दिवस आहे ना रे तुमचा, आपाचेतेवर वडिलांसाठी काहीतरी छोटंसं कर. फार नको, दहा मिनिटांचं."

मी हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर आठवलं, की पहिल्या तारखेला आईचं पान मांडायचं असतं. हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. यानंतर ती कायमची जाते, पुन्हा तिच्यासाठी पान मांडत नाहीत.

खरं लिहायचं ठरवलंय तर खरंच लिहितो. फोन ठेवल्यावर आठवलं हे खोटं आहे. हो म्हणताना आठवत होतं.

हिशेब केला. पहाटे निघायचं, दहाला आपाचेता, बाराला घरात. आत्मे बाराच्या ठोक्याला येतात, तोवर पोचायला हरकत नाही.

१७ ऑक्टोबर

ताताला जेवताना सांगितलं.

"बाराच्या आत येतो."

"ये."

"नक्की येतो, ताता."

"ये म्हणालो ना. सूप घे अजून."

मग बराच वेळ मक्याचे दाणे वेचून खात राहिले. नंतर म्हणाले, "पहिल्या वर्षी तुझी डबल शिफ्ट होती. नाही का?"

"हो."

"आणि गेल्या वर्षी टायर फुटला."

"हो."

"फुटतात टायर," म्हणाले. त्या रस्त्यावर खडीच तशी आहे, अशी त्यांनी वर पुस्तीही जोडली. म्हातारपणी माणूस तेच तेच उगाळतो. मी फारसं मनावर घेतलं नाही.

२४ ऑक्टोबर

विल्सन पहिल्या तारखेला येत नाही म्हणतो. तो माझा आतेभाऊ, दर फेरीला लामांच्या मागून चालतो. मी त्याला गोठ्याच्या भिंतीपाशी गाठलं.

"एकच दिवस रे. तुझ्याशिवाय मागची जनावरं कोण बघणार?"

"पहिल्या तारखेला मी मेलेल्यांना जेवायला वाढतो, गोऱ्यांना नाही."

"बाराच्या आत परत येऊ."

"आणि वर जाऊन काय करणार? मामाचं श्राद्ध?" दोरी खाली टाकून तो माझ्याकडे वळला. "मला इंग्रजी येत नाही, फाउस्तीनो, पण सातुर्निनो हे नाव कळतं. त्या बायका रडतात तेही दिसतं. मारायचंच होतं तर मामाला एकदा विचारायचंस तरी."

मी म्हटलं, धंद्यात थोडंफार चालतं. तो म्हणाला, "धंद्यासाठी होतं तर मामीचं सांगायचंस. ती तर खरंच गेलीये."

मला राग आला. त्याला काय कळतं? काहीबाही बोलून निघून आलो. घरी येईपर्यंत मनात त्याला उत्तर देत होतो. एकही धड जमलं नाही.

३० ऑक्टोबर

एवारिस्ता आत्याच्या भट्टीवर आईच्या पानासाठी वेगवेगळ्या आकारांचे पाव भाजले. चंद्र, शिडी, कबुतरं, आणि परतीच्या वाटेवर आईचं ओझं वाहायला कणकेचा लामा. लामा दरवर्षी ताताच करतात.

आत्या म्हणाली, "पाय जाड कर रे दादा, गेल्या वर्षीचा भट्टीतच बसला."

"गेल्या वर्षीचा आळशी होता. हा शेवटचा. याला पोचवायचंय तिला." त्यांनी अंगठ्याने लामाच्या पाठीवर ओझ्यासाठी खळगा केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वर त्यांना काय सांगतोस रे?"

"जुन्या गोष्टी. तांड्याच्या."

"आईचं सांगत जा. आपल्या सगळ्या दोऱ्या तिने वळल्यात. कुणाला माहीत पण नाही."

मी भट्टीत लाकूड सारलं. ते आधीच भरपूर होतं.

"विल्सन येत नाही म्हणे," ताता म्हणाले. "मग मी येतो."

"ताता, तुमचे पाय!"

"पाय माझे आहेत. तुझे नाहीत."

थंडी, वारा, आत्या एकटी पडेल, असं तीन प्रकारे सांगून पाहिलं. आत्या म्हणाली, "मी कुठली एकटी? घर भरून मेलेले येणार आहेत." दोघंही हसत सुटले.

३१ ऑक्टोबर

सगळं रद्द करावं म्हणून मिरेयाबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला. मी पाण्याचे कॅन किती घ्यायचे ते विचारलं.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी काहीतरी गाळीन.

पाहुणे उशिरा आले. निघायलाच आठ वाजले. त्यात दोघांना उंचीचा त्रास, दर वळणावर बसत होते. दहाला आम्ही घळीतच होतो. ताता सर्वांत मागे, हातात पायथ्याचा दगड घेऊन. चांगला भाकरीएवढा दगड. मी म्हटलं, लहान घ्या. म्हणाले, शीण लहान नाही.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, हे आजोबा कोण? मी म्हटलं, शेजारी. वडिलांचे मित्र.

हे मी बोललो, आणि मागे वळून बघितलं तर ताता मागून येऊन आल्काल्देच्या कानातला सुटलेला गोंडा बांधत होते.

आपाचेतेवर पोचायला बाराला दहा कमी. मी दहा मिनिटांत आटपायचं ठरवून पाहुण्यांना गोल उभं केलं. तेवढ्यात ताताने आल्काल्देच्या पाठीवरचं एक गाठोडं सोडलं. ते मी बांधलं नव्हतं. आत आईची विणलेली चादर, तिचा निळा इनॅमलचा पेला, उकडलेला मका, कोकाची पानं आणि कणकेचा लामा. त्यांनी चादर राशीपुढे पसरली आणि एकेक वस्तू मांडायला लागले.

"ताता, काय करताय?"

"बारा वाजतायत. आपण काही पोचत नाही. घरी एवारिस्ताने मांडलंय, पण तिथे तुझं तोंड कुठे आहे? ती शोधत बसेल. म्हटलं, इथेच मांडू."

पाहुण्यांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं, हाच तो विधी.

ताता उभे राहिले, दगड राशीवर ठेवला आणि मला म्हणाले, "आता यांना सांग मी काय म्हणतो ते. ही माझी बायको, ओनोरिया. तीन वर्षं झाली."

मी इंग्रजीत सांगितलं, "हे म्हणतात, सातुर्निनोला जाऊन तीन वर्षं झाली."

"लामांच्या सगळ्या दोऱ्या तिने वळल्या. चालता चालता वळायची, दगडाला अडखळायची, पण चाती सोडायची नाही."

मी म्हटलं, "सातुर्निनो चालता चालता दोरी वळायचा."

ताता थांबले. त्यांनी माझ्याकडे नाही, पेल्याकडे पाहिलं. "शेवटच्या आठवड्यात ती दाराकडे बघत पडून असायची. मुलगा खाणीत होता. कंपनीने त्याला रजा दिली नाही. दिली असती तर धावत आला असता. हे नीट सांग. नाहीतर यांना वाटेल पोरगा वाईट आहे."

नऊ जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हे म्हणतात, सातुर्निनो वादळात सापडला. आणि मुलगा शेवटपर्यंत त्याचा हात धरून बसला होता."

ते रडले. चार-पाच जण खरोखर रडले. एका थोराड माणसाने मला मिठी मारली. ताताने त्यांचे डोळे पाहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "छान सांगितलंस. मला वाटलं होतं, तुला जमायचं नाही."

माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. आणि तरीही मी मान डोलावली.

मग एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली, डोरीन नावाची. सबंध चढणीत ती चकार शब्द बोलली नव्हती. तिने ताताचा हात हातात घेतला आणि आमच्याच भाषेत, स्वच्छ स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तुमच्या बायकोबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. दोऱ्या सुंदर आहेत."

तिने दोन्ही ऐकलं होतं, त्यांचंही आणि माझंही. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

ताताने कणकेचा लामा पुन्हा गुंडाळून घेतला, "उद्या परत जायला लागेल तिला." उतरताना मी आल्काल्देला धरून पुढे होतो. मागे सर्वांच्या शेवटी ते दोघं. वारा सुटला होता, एक शब्द ऐकू येत नव्हता. तीन वेळा मागे पाहिलं. पहिल्यांदा ती बोलत होती आणि ताता ऐकत होते. दुसऱ्यांदा दोघंही गप्प. तिसऱ्यांदा ताताने तिला आधाराला आपला हात दिला होता.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. एवारिस्ता आत्याने पान मांडलेलं. ताताने बूट काढले, गाठोडं सोडलं, कणकेचा लामा आणि निळा पेला जागेवर ठेवला. मग फळीवरचा स्वतःचा पेला काढला, त्यात वाइन ओतली आणि तोही आईच्या शेजारी मांडला.

आत्याने विचारलं, "हा कुणाचा?"

"सातुर्निनोचा," ताता म्हणाले. "वारला म्हणे. वादळात. लांबून आलाय, तहान लागली असेल."

आत्याला वाटलं, चढणीने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मी अंगणात येऊन बसलो. अजून आत गेलेलो नाही.

२ नोव्हेंबर

ताता सकाळपासून माझ्याशी नेहमीसारखं बोलत होते. चहा दे. आल्काल्देचा खूर बघ. हे ओरडण्यापेक्षा वाईट. अकरा वाजता विल्सन, त्याची बायको आणि शेजारचे दोघं निरोप द्यायला आले. बाराला आत्मे जातात. त्याआधी कणकेच्या लामाच्या पाठीवर छोटं ओझं बांधतात, मक्याचे दाणे, पानं, थोडं सुकं मांस. मग पान उचलतात.

सगळे पानाभोवती उभे होते. दोन पेले शेजारी शेजारी. विल्सनने दुसरा पेला पाहिला आणि मग माझ्याकडे. कुणी काही बोलायच्या आत मीच बोललो.

"ताता, मला रजा मिळाली होती."

आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"पाच दिवस मिळाली होती. मी कालामा शहरापर्यंत आलो. बस स्टँडसमोर लॉजमध्ये राहिलो. रोज सकाळी बस सुटायची ती खिडकीतून दिसायची. तिला तसं बघायची माझी हिंमत झाली नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. मग ती गेली. मग पुरायला यायलाही तोंड उरलं नाही." आणि हेही बोललो, "काल वर मी तिचं नाव घेतलं नाही. तुम्हाला मारलं. दोन महिने मारतोय."

एवारिस्ता आत्या तोंडाला शाल लावून रडायला लागली. ताता पानावरच्या मुंग्या झटकत होते.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"त्या बाईने सांगितलं?"

"तिने कालचं सांगितलं. पहिलं मला तेव्हाच माहीत होतं." त्यांनी मुंग्या झटकणं थांबवलं. "तुझ्या फोरमनचा फोन आला होता. भला माणूस. विचारत होता, फाउस्तीनो पोचला का, आई कशी आहे."

"मग?"

"पोचला म्हणालो. आईजवळ बसलाय म्हणालो."

मी पानापुढे खाली बसलो.

"ती खाटेवरून ऐकत होती," ताता म्हणाले. "मला म्हणाली, बरं केलंस."

विल्सन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बारा वाजायला पाच-सात मिनिटं होती. आत्याने नाक पुसलं आणि दुसऱ्या पेल्याकडे बोट दाखवलं. "आणि याचं काय करायचं? यालाही निरोप द्यायचा?"

ताताने पेला उचलला, दोन थेंब जमिनीला वाहिले आणि बाकीची वाइन एका दमात पिऊन टाकली. "सातुर्निनो राहतोय. जनावरांना पाणी कोण दाखवणार? या पोराच्या भरवशावर?"

शेजारी हसले. मग ताताने लोकरीची बारीक दोरी माझ्या हातात दिली. आईने वळलेली. इतकी वर्षं त्यांनी ती कुठे ठेवली होती कोण जाणे. "ओझं तू बांध," म्हणाले.

मी कणकेच्या लामाच्या पोटाखालून दोरी घेतली, गाठ मारली, आणि ओझं कलंडून दाणे चादरीवर सांडले.

"ही खाणीतली गाठ," ताता म्हणाले. "तिने शिकवलेली बांध."

मी दाणे गोळा केले, गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.